ज्ञानाचे विशेष साधन

सर, मी न्यायालयात शपथेवर तुमच्याविरुद्ध साक्ष दिली. त्या दाव्यात तुम्ही वादी नव्हता, प्रतिवादी नव्हता, आणि हयात तर मुळीच नव्हता. त्यामुळे तुम्हाला समन्स निघाले नाही आणि तुमची बाजू न ऐकताच सर्व काही उरकले. नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाचा हा उघड भंग आहे, हे मला मान्य आहे. म्हणून निकाल लागून गेल्यावर का होईना, तुम्हाला हकीकत कळवण्यास बसलो आहे. पत्र संस्कृतात लिहावे असा एक उदात्त विचार मनात आला होता. परंतु तुम्ही जिथे असाल तिथून चुका काढालच, आणि या वयात तांबडी शाई प्रकृतीला मानवत नाही.

तुम्ही मला पाहिलेत ते टाकव्याहून तळेगावच्या शाळेत येणारा, डोक्याला तेल थापलेला, 'हाय' आणि 'न्हाई' करणारा विद्यार्थी म्हणून. त्या जिभेवर व्याकरणाचा नांगर फिरवणे तुम्हाला अत्यावश्यक वाटले आणि तुम्ही तो आडवा-उभा फिरवलात. त्याचे पीक असे की आज मी महाविद्यालयात धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकवतो, घरात भाजी अळणी झाली तरी 'किंचित् लवणन्यूनता' असे म्हणतो, आणि पत्नी त्यावर मिठाचा डबा माझ्यापुढे आदळते. मावळातल्या अल्पसंख्य धर्मसमूहांच्या चालीरीतींवर माझा एक प्रबंध आहे. लोणावळ्यात उरलेली पारशी घरे, रेल्वेबरोबर आलेली ख्रिस्ती कुटुंबे, ज्या गावात मुसलमानाचे एकच घर आहे अशी गावे, यांचे जन्म, विवाह, मृत्यू मी त्यात विस्ताराने वर्णिले आहेत. ग्रंथालयात तो प्रबंध खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून वापरतात, इतका तो वजनदार आहे. त्या वजनामुळेच असेल, अधूनमधून न्यायालये मला तज्ज्ञ साक्षीदार म्हणून बोलावतात. तज्ज्ञ साक्षीदार म्हणजे ज्याला शपथेवर मत बाळगण्याची मुभा आहे असा प्राणी. बाकीच्यांनी डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगायचे असते. हा न पाहिलेलेही सांगतो आणि वर त्याला खुर्ची मिळते. तुमच्या वर्गात ही चैन नव्हती. उत्तर द्यायला उभे राहिले की तुम्ही प्रथम विचारायचात, "पाहिलेस, ऐकलेस की वाटले?" आणि 'वाटले' म्हणणाऱ्याला खाली बसवायचात.

दावा आंदर मावळातला. धरणाच्या पल्याड, एस.टी. जिथे दिवसाकाठी एकदा येते आणि येताना विचार करत येते, अशा एका गावात मुलाण्याचे एकच घर आहे. गावच्या जत्रेत बकऱ्यावर सुरी फिरवण्याचा मान त्या घराचा. घर मुसलमानाचे, जत्रा देवीची, आणि यात काही विशेष आहे असे गावात कोणाला वाटत नाही. ते वाटण्यासाठी प्रबंध लिहावा लागतो. या घराची माणसे गेली की गावाबाहेरच्या चढावर, करंजाच्या झाडाखाली पुरतात. तिथे चार ओबडधोबड दगड आहेत, कुंपण नाही, पाटी नाही. आजूबाजूची भातखाचरे विकली गेली आणि मुंबईच्या एका गृहस्थांनी ती घेतली. तिथून धरणाचे पाणी दिसते आणि पाणी दिसले की बंगले उगवतात. त्या बंगल्यांच्या योजनेचे नाव संस्कृत होते आणि त्यातल्या समासात चूक होती. तेवढ्यावरूनच मी प्रतिवादीच्या बाजूला गेलो असतो, परंतु तज्ज्ञाने निःपक्ष असावे लागते. गृहस्थांचे म्हणणे असे की करंजाखालचा तुकडा त्यांच्या खरेदीतच येतो, तिथे मुसलमानांची दफनभूमी कधीही नव्हती, सबब कोणास पुरण्यास कायमची मनाई व्हावी. दाव्याचा निकाल लागेपर्यंत तिथे कोणासही पुरू नये, असा तात्पुरता हुकूम झाला. कायद्याच्या भाषेत ही 'जैसे थे' स्थिती. व्यवहारात तिचा अर्थ एवढाच होता की त्या घरातल्या म्हातारीने तूर्त मरू नये.

तिला सगळे गाव चाची म्हणते. हृदय मोठे झालेले, पाय सुजलेले, दोन वाक्यांमध्ये श्वासासाठी थांबणारी. तिचा नवरा त्या करंजाखाली आहे आणि त्याच्या डाव्या हाताची जागा तिने स्वतःसाठी धरून ठेवली आहे, बसमध्ये रुमाल टाकून धरतात तशी. हुकुमाच्या काळात ती गेली असती तर तिला तळेगावच्या किंवा लोणावळ्याच्या कबरस्तानात न्यावे लागले असते. तिच्या वकीलबाईंबरोबर मी पहिल्यांदा तिच्या घरी गेलो तेव्हा मी हा पर्याय, धर्मशास्त्राच्या दृष्टीने पूर्णतः ग्राह्य म्हणून, मोठ्या प्रौढीने मांडला. तिने तो ऐकून घेतला.

"तितं माजं कोन हाय? समदी अनोळखी," ती म्हणाली. "मेल्यावर आनि नवा शेजार कशाला?"

मी चहा प्यायलो.

त्या भेटीत मला कळले की हा दावा हरण्याच्या बेतात आहे आणि तो एका शब्दावर हरणार आहे. चाचीची साक्ष आधीच झाली होती. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश त्याचे म्हणणे सुसूत्र करून टंकलेखिकेला सांगतात आणि ती ते उतरवते, ही पद्धत तुम्हाला ठाऊक असेल. उतरलेल्या साक्षीत चाचीचे वाक्य होते: 'सदर जागा ही आमच्या घराण्याची स्मशानभूमी आहे.' वादीच्या वकिलांनी हे वाक्य दोन्ही हातांनी उचलून धरले होते. मुसलमानांना स्मशानभूमी नसते, दफनभूमी असते; बाई स्वतःच शपथेवर स्मशानभूमी म्हणतात; म्हणजे तो गावाचा जुना, आता वापरात नसलेला दहनाचा चौथरा असावा, आणि चार दगड चुलीचेही असू शकतात. युक्तिवाद निर्दय होता, पण तर्कशुद्ध होता. मी चाचीला विचारले की तिने स्मशानभूमी हा शब्द वापरला का. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मी तिला तिने इंग्रजीत साक्ष दिली का असे विचारले.

"मी मसनवट म्हनले. मुलान्याची मसनवट. त्यांनी लिवताना चांगलं लिवलं."

"वाचून दाखवले तेव्हा तुम्ही हरकत घेतली नाहीत?"

"कशाला घिऊ? मला वाटलं, सरकारी भाषेत तसंच म्हनत असत्याल."

असा हा घात झाला, सर. कोणी लबाडी केली नव्हती. एका सुशिक्षित कानाला एक शब्द ओबडधोबड वाटला आणि त्याने तो सभ्य करून लिहिला. सभ्य होताना तो हिंदू झाला, आणि म्हातारीची जागा गेली. वकीलबाईंनी मला सांगितले की आता सगळी भिस्त माझ्यावर आहे. हा शब्द मावळात कशासाठी वापरतात ते मी सांगायचे. साक्षीच्या कायद्यात, जो अलीकडे नवा झाला म्हणजे ज्याच्या कलमांचे आकडे बदलून वकिलांची पाठांतरे वाया घालवली गेली, अशी तरतूद आहे की एखाद्या विशिष्ट प्रदेशात किंवा विशिष्ट लोकांत वापरल्या जाणाऱ्या शब्दाचा अर्थ ठरवायचा असेल, तर ज्यांच्यापाशी त्याच्या ज्ञानाचे विशेष साधन आहे अशांचे मत विचारात घ्यावे. ज्ञानाचे विशेष साधन! मला हा शब्दप्रयोग अतोनात आवडला. आपण स्वतःच ते साधन आहोत अशी माझी तोवर प्रामाणिक समजूत होती.

त्यानंतर तारखा पडत गेल्या. एकदा वादीचे वकील आजारी, एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा कोणीच आजारी नसताना. दरम्यान चाचीला तळेगावच्या रुग्णालयात दोनदा नेले आणि दोनदा परत आणले. वकीलबाईंचा दूरध्वनी वाजला की मी तो लगेच उचलत नसे. पुढची तारीख पडली असेल तर बरे, असे मी मनाशी म्हणे. न्यायास विलंब व्हावा अशी इच्छा करणारा मी बहुधा एकमेव साक्षीदार असेन. दिवसभर मी साक्षीची तयारी करत असे. माझे ब्रह्मास्त्र व्युत्पत्ती हे होते. मसणवट हा श्मशानाचा अपभ्रंश. आणि श्मशान या शब्दाची परंपरेने सांगितलेली फोड अशी की श्म म्हणजे शरीर आणि शान म्हणजे शयन. जिथे शरीर निजते ती जागा. अग्नीचा त्यात कुठे उल्लेख नाही. म्हणजे चाचीने उच्चारलेला शब्द मुळापासून दफनाला अनुकूल होता आणि स्मशानभूमी म्हणजे दहनभूमी ही समजूतच अर्वाचीन. हे सुचले तेव्हा मी खोलीत एकटाच मोठ्याने हसलो. तुम्ही असता तर पाठीवर थाप दिली असती, किंवा निदान शेंडीला हात लावला असता.

साक्षीच्या दिवशी न्यायालयात गर्दी नव्हती. चाची आली होती. येऊ नको असे सगळ्यांनी सांगितले होते म्हणून आली होती. मागच्या बाकावर भिंतीला टेकून, सुनेच्या खांद्याचा आधार घेऊन बसली होती आणि तिचा श्वास पंख्याच्या आवाजातूनही वेगळा ऐकू येत होता. वादीचे वकील लोणावळ्याचे, वयाने माझ्याहून मोठे, अत्यंत सौजन्यशील. त्यांनी माझ्या पदव्यांचे वाचन अशा आदराने केले की प्रत्येक पदवीनंतर ती थोडी लहान होत गेली. मग त्यांनी माझाच प्रबंध माझ्या हातात ठेवला आणि अमुक पानावरची व्याख्या वाचून दाखवण्याची विनंती केली.

मी वाचले: "स्मशानभूमी, म्हणजे हिंदूंची दहनाची जागा."

"आणि मुसलमानांच्या जागेला आपण कोणता शब्द वापरला आहे?"

"दफनभूमी."

"मसणवट हा शब्द या ग्रंथात कोणत्या पानावर आहे, प्राध्यापक महाशय?"

"कोणत्याच नाही."

ते सत्य होते. खिडकी अडवणाऱ्या त्या प्रचंड ग्रंथात, मावळच्या खेड्यापाड्यांत हिंडून गोळा केलेल्या शेकडो मुलाखतींत, तो शब्द मी एकदाही येऊ दिला नव्हता. लोक तो उच्चारत होते आणि मी दफनभूमी असे लिहून घेत होतो. न्यायालयाने एका वाक्यात जे केले ते मी एका ग्रंथभर केले होते. वकीलबाईंनी खाली पाहिले. तेव्हा मी, ज्या आवेशाने बुडणारा माणूस ओंडक्याला मिठी मारतो त्या आवेशाने, व्युत्पत्तीला मिठी मारली. श्म म्हणजे शरीर, शान म्हणजे शयन. मी छान सांगितले, सर. न्यायाधीशबाईंनी लेखणी थांबवून ऐकले. वादीच्या वकिलांनीही मान डोलावली.

"रमणीय आहे," ते म्हणाले. "ही व्युत्पत्ती निर्विवाद आहे का?"

माझ्यापुढे दोन मार्ग होते. 'होय' म्हटले असते तर त्या दालनात मला खोटे पाडू शकणारा कोणी नव्हता. पण आधुनिक भाषाशास्त्रज्ञांना ही फोड मान्य नाही, हे मला ठाऊक होते, आणि मी शपथेवर होतो.

"निर्विवाद नाही," मी म्हणालो.

"म्हणजे अंदाज?"

"होय. परंतु फार प्राचीन अंदाज."

मागे कोणीतरी हसले. न्यायाधीशबाईंनी टंकलेखिकेला सांगितले, "व्युत्पत्ती निर्विवाद नाही, हे खरे आहे." ब्रह्मास्त्र असे एका ओळीत परत गेले. आणि मग वकिलांनी तो प्रश्न विचारला ज्यासाठी त्यांनी एवढा वेळ मला सौजन्याने वागवले होते. ग्रंथात शब्द नाही, व्युत्पत्ती अंदाजाची. तर या शब्दाच्या अर्थाविषयी आपल्यापाशी ज्ञानाचे विशेष साधन ते कोणते? एखादा कोश? नाही. सर्वेक्षण? नाही. मग?

चाचीच्या श्वासाचा आवाज मी ऐकत होतो आणि तो मध्येच अडत होता. वकीलबाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर, परीक्षेत शेजाऱ्याने उत्तर दाखवावे अशी आशा असते तशी आशा होती. आणि त्या क्षणी, सर, तुम्ही मला आठवलात. 'माझ्या घरातील एक प्रसंग' या विषयावर तुम्ही निबंध लिहायला सांगितला होता. माझी धाकटी बहीण तान्ही असताना नुकतीच गेली होती. मी लिहिले, 'वडिलांनी तिला मसनवटीत पुरली.' वही परत आली तेव्हा त्या वाक्याखाली दोन तांबड्या रेघा होत्या. 'मसनवटीत' खोडून 'स्मशानभूमीत', आणि कडेला शेरा: ग्राम्य. 'पुरली' खोडून 'दहन केले', आणि कडेला शेरा: स्मशानात पुरत नाहीत. शब्दाचा अर्धा गुण कापला होता, वस्तुस्थितीचा अर्धा. मी वही घेऊन तुमच्याकडे आलो. तुम्ही वाक्य पुन्हा वाचलेत, या वेळी बहुधा पहिल्यांदा.

"खरेच पुरली?" तुम्ही विचारलेत.

"व्हय."

"होय म्हणावे," तुम्ही म्हणालात. मग उठलात. कपाटातून लोणावळ्याच्या कोणा पालकाने दिलेली चिक्की काढलीत, जी तुमच्या कवळीला वर्ज्य होती, आणि सगळा पुडा माझ्या हातात ठेवलात. वहीवर 'पुरली' शब्द तुम्ही परत लिहिलात आणि अर्धा गुण परत दिलात. शब्दाचा अर्धा मात्र दिला नाहीत. मसनवट तुम्ही खोडलेलीच ठेवलीत.

"साक्षीदार उत्तर देऊ इच्छितात का?" न्यायाधीशबाईंनी विचारले.

मी म्हणालो की हा शब्द आमच्या घरात होता. वकिलांनी स्मित केले. म्हणाले, प्राध्यापकांचे घर म्हणजे संस्कृत पंडिताचे घर, तिथे हा शब्द कसा आला? मी म्हणालो, घर पंडिताचे नव्हते, टाकव्याच्या शेतकऱ्याचे होते, आणि मी हे कुठे फारसे सांगत नाही. माझी बहीण तान्ही असताना गेली. आम्ही हिंदू आहोत, पण आमच्यात तान्ही मुले जाळत नाहीत, पुरतात. वडील एकटेच तिला घेऊन गेले होते. परत आले तेव्हा आईने त्यांना एक प्रश्न विचारला आणि त्यांनी एक उत्तर दिले, आणि मी उंबऱ्यात बसून दोन्ही ऐकले.

वादीचे वकील हरकत घ्यायला उठले. हे ऐकीव आहे, असे ते म्हणाले. न्यायाधीशबाई म्हणाल्या की शब्द ऐकूनच कळायचा असतो, बसा. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "प्राध्यापक, ते जसे बोलले तसेच सांगा. सुधारून सांगू नका."

हे किती अवघड असते ते त्यांना माहीत नव्हते. तुम्ही माझ्या जिभेवर चालवलेल्या नांगराखालची माती मला पुन्हा वर काढायची होती, आणि तीही भरल्या न्यायालयात, माझ्या पदव्या वाचून दाखवल्यानंतर. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. का ते सांगता येणार नाही, बसून ते बोलता येईना.

"आय म्हनली, कंच्या मसनवटीत ठिवली?" मी म्हणालो. "बा म्हनला, आपल्याच. मुलान्याच्या मसनवटीत कशाला ठिवीन? ती पल्याड हाय."

कोणी हसले नाही. वकील उभेच होते, पण त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. कदाचित त्यांनाही त्यांच्या घरातला कोणता तरी शब्द आठवला असेल; हे मात्र मला वाटले, पाहिले नाही. न्यायाधीशबाई टंकलेखिकेला सावकाश सांगू लागल्या: "साक्षीदार सांगतो की, त्याच्या गावात हिंदूंच्या पुरण्याच्या जागेस व मुलाण्यांच्या पुरण्याच्या जागेस, दोन्हींस, मसणवट असेच म्हणत. शब्द अवतरणात घ्या." मागच्या बाकावरून चाची सुनेला काहीतरी म्हणाली. सूनबाईंनी मला नंतर सांगितले. चाची म्हणाली होती, "ह्यो तर आपल्याकडचाच हाय की."

निकाल लागायला उन्हाळा उजाडला. त्या साऱ्या काळात मी दूरध्वनीला घाबरत होतो. निकाल होण्याआधी ती गेली असती तर माझी साक्ष ही एक उत्कृष्ट शैक्षणिक घटना ठरली असती आणि चाची अनोळखी शेजाऱ्यांत निजली असती. एके दुपारी वकीलबाईंचे नाव पडद्यावर दिसले आणि त्या काही बोलेनात. मग कळले की त्या रडत होत्या, आणि दावा नामंजूर झाला होता. मनाई हुकूम उठला. वादी अपील करतील असे म्हणतात; बंगल्यांच्या योजनेच्या नकाशात तो चढ आता बाग म्हणून दाखवला आहे असेही म्हणतात. मी चाचीला भेटायला गेलो. ती अंगणात बाजेवर बसून तांदूळ निवडत होती. निकाल तिला माझ्या आधीच कळला होता. मी तरीही तो तिला सांगितला, कायद्याच्या भाषेत, कारण माझ्याकडे दुसरी भाषा तयार नव्हती.

"सर, इतकं शिकला आन शेवटाला आयचंच सांगितलं व्हय कोर्टात?" ती म्हणाली.

मी म्हणालो, होय.

"बरं केलं." तिने सुपातला एक खडा उचलून टाकला. "आता जागा हाय, तवा मराया घाई न्हाई."

जाता जाता, तुमची शपथ, मला राहवले नाही. मी तिला श्म म्हणजे शरीर आणि शान म्हणजे शयन हे सांगितले. न्यायालयात वाया गेलेली व्युत्पत्ती निदान अंगणात तरी उपयोगी पडावी म्हणून. तिने ती शांतपणे ऐकली आणि विचारले की हे शाळेत शिकवतात का. मी म्हणालो, मला शिकवले. ती म्हणाली, "मास्तर चांगला असंल." मी म्हणालो, होते.

हे पत्र टपालात पडणार नाही. तुमचा पत्ता कोणापाशी नाही, आणि असता तरी मी ते पाठवले नसते, कारण पुढची गोष्ट मी वकीलबाईंनाही सांगितलेली नाही. त्या दिवशी माझी साक्ष संपली आणि न्यायाधीशबाई दुसऱ्या कागदाकडे वळल्या. टंकलेखिकेने माझ्याकडे मान वळवली. मागच्या घोळानंतर ती फार सावध झाली असावी. तिने हळूच विचारले, "सर, त्या अवतरणातल्या शब्दात न नळातला की ण बाणातला?" प्रश्न अगदी योग्य होता. उत्तर मी नुकतेच उभा राहून दिले होते. आणि तरीही मला तुमचे स्वयंपाकघर दिसले. रविवारी एस.टी.तून उतरून मी थेट शिकवणीला येत असे, घसा सुकलेला, म्हणत असे, "सर, पानी." तुम्ही तांब्या भरून हातात धरून उभे राहायचात, चेहऱ्यावर राग नाही, हसू नाही, आणि मी पाणी म्हणेपर्यंत तो तांब्या खाली यायचा नाही. आई न म्हणायची. वडीलही. चाचीने पिंजऱ्यात उभे राहून नच म्हटले होते, आणि ती म्हणाली तसेच लिहिले जावे एवढ्याचसाठी मला तिथे बोलावले होते. टंकलेखिकेची बोटे कळफलकावर थांबली होती.

"बाणातला," मी म्हणालो.